बाभळीची साल की कॅप्सूल? आधी दातांवरचं कीटण

पत्र थोडक्यात: यावल तालुक्यातले एक वाचक. वय ४३, शिक्षक, घरची थोडी कपाशीची शेती. दोन वर्षांपासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो आणि आता खालचे पुढचे दोन दात हलके हलतात. वडील, म्हणजे आबा, गावात झाडपाल्याची औषधं देतात. पैसे घेत नाहीत. कोणाला काय दिलं, गुण आला की नाही, याची वही ठेवतात. त्यांच्या सांगण्यावरून कडुनिंबाचं दातण, बाभळीच्या सालीचा काढा आणि त्रिफळ्याच्या गुळण्या सुरू आहेत. पत्नीचा यावर विश्वास नाही. तिने मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल त्यांनी दोन वर्षांत चारदा घेतल्या, दर खेपेला तीन दिवस. "दोन्हींनी चार दिवस बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच," असं ते लिहितात. एका दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितलं होतं. पण 'साफ केले की दात ढिले होतात' असं सगळेच म्हणतात, म्हणून गेले नाहीत. शिवाय आजोबा आयुष्यभर फक्त दातण करायचे आणि ऐंशीव्या वर्षी त्यांचे सगळे दात शाबूत होते. प्रश्न असा: हिरड्यांतले जंतू मारायला झाडपाला श्रेष्ठ की अँटिबायोटिक? आणि अँटिबायोटिक असेल तर आबांचं मन न दुखावता ते कसं घ्यायचं?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी 'दोन्हींनी चार दिवस बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच' या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. दोन वर्षं तुम्ही स्वतःच्या तोंडात दोन्ही उपाय करून पाहिलेत आणि निकालही स्वतःच लिहून पाठवलात. काढ्याने भागलं नाही, कॅप्सूलनेही भागलं नाही. मग या दोघांत कोण श्रेष्ठ हे ठरवून तुमच्या हिरड्यांना काय मिळणार?

पुढे वाचण्याआधी एक करून पाहा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे न्या, दात हिरडीत शिरतो तिथे लावा आणि डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. दात मुळात गुळगुळीत असतो. तुम्हाला मात्र तिथे खरखरीत, वाळलेल्या सिमेंटच्या ओघळासारखं काहीतरी लागेल, दोन दातांमधली फट बुजवून बसलेलं. ते कीटण. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसंच हे. जिभेखालच्या लाळग्रंथी त्याच ठिकाणी उघडतात. लाळेतले क्षार दातांवरच्या मऊ थरात उतरतात आणि काही दिवसांतच त्या थराचा दगड होऊ लागतो. हलणारे दोन दात तुम्ही 'खालचे पुढचे' असे लिहिलेत, तेव्हाच मला हे कीटण दिसलं.

त्या दगडापेक्षा त्याच्यावर राहणारी वस्ती जास्त महत्त्वाची. दात कितीही नीट घासले तरी काही तासांत त्यांच्यावर जंतूंचा पातळ, चिकट थर पुन्हा धरायला लागतो. माणसाच्या तोंडात जंतूंच्या सातशेच्या आसपास जाती सापडल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक कोणाचं काही वाईट करत नाहीत. थर रोज मोडला तर घर सुखी. न मोडला तर काय होतं, हे डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी १९६५ साली दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या मूळपदावर आल्या. ना काढा लागला, ना गोळी.

तुमचं दुखणं त्या टप्प्याच्या पुढे गेलं आहे. सूज महिनोन्महिने राहिली की हिरडी दातापासून सुटते आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटरच्या पुढे ती आजाराची खूण, आणि ६ मिलिमीटरच्या खिशात ब्रशचा केस पोहोचत नाही, दातणाची कुंचीही नाही. तिथे हवा नसते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला, टॅनरेला फोर्सिथिया असे हवेशिवाय जगणारे जंतू तिथे मजेत वाढतात. त्यांच्याशी लढताना शरीर जो दाह पेटवतं, त्यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हे सगळं होताना दुखत नाही. म्हणूनच माणूस दोन वर्षं काढे आणि कॅप्सूल यांच्यात घालवू शकतो. दाढ ठणकली असती तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी फैजपूर नाहीतर भुसावळ गाठलं असतं.

तुम्ही कपाशी लावता, म्हणून एक विचारते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की फवारणी का लागू पडत नाही? अळी आत, बोंडाचं छिद्र बुजलेलं, औषध बाहेर पानावर. २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. तेव्हापासून कृषी विभाग काय सांगतो? डोमकळ्या, म्हणजे अळी शिरलेल्या न उमललेल्या कळ्या, तोडून नष्ट करा, फरदड, म्हणजे हंगामानंतरचं जादा पीक, घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, शेतात उभी ठेवू नका. म्हणजे आधी अळीचं घर मोडा. फवारणी निंबोळी अर्काची असो की दुकानातल्या महागड्या औषधाची, बंद बोंडात दोन्ही सारख्याच लाचार. तुमच्या दातांवरचं कीटण आणि खिशातला थर ही ती उभी पऱ्हाटी आहे. तुम्ही दोन वर्षं तिच्यावरूनच फवारताय.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वी दिसली होती. हॉलंडमधले लेवेनहूक, ज्यांनी स्वतःच्या भिंगांतून पहिल्यांदा जंतू पाहिले, त्यांनी १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला. ते रोज सकाळी मिठाने दात घासत, अगदी आपल्याकडच्या जुन्या माणसांसारखे. त्या थरात त्यांना वळवळणारे असंख्य जीव दिसले. मग त्यांनी व्हिनेगरने दात धुऊन पाहिलं आणि नोंद केली की थराच्या बाहेरचे जीव तेवढे मेले, व्हिनेगर थराच्या आतपर्यंत गेलं नाही. तुमचा काढाही तिथेच अडतोय. कॅप्सूलचं औषध रक्तातून येतं, बाहेरून नाही, पण अडतं तेही. थरात एकमेकांना चिकटून, स्वतःच्याच चिकट आवरणाखाली राहणारे जंतू मारायला सुट्या जंतूंपेक्षा कित्येक पटींनी जास्त औषध लागतं, कधी कधी हजारपट. तेवढं औषध माणसाला देता येत नाही.

आता आबांच्या औषधांबद्दल. त्यांना अडाणीपणा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. ते तुरट असतं, वरची कातडी आवळतं, आणि म्हणून चार दिवस रक्त कमी दिसतं. तुम्हाला वाटलेलं बरं खोटं नव्हतं. कडुनिंबाचा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत तोंडातल्या जंतूंची वाढ रोखतो. कडुनिंबाच्या आणि त्रिफळ्याच्या गुळण्यांवर आपल्याच देशात माणसांवर अभ्यास झाले आहेत. त्यातल्या काहींत दातांवरचा थर आणि हिरडीची वरवरची सूज क्लोरहेक्सिडीनच्या, म्हणजे दवाखान्यात देतात त्या जंतुनाशक गुळणीच्या, जवळपास कमी झाली. क्लोरहेक्सिडीन दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं की दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते, त्या हिशेबाने त्रिफळा सोसायला सोपा. मात्र हे अभ्यास बहुतेक थोड्या लोकांवरचे, काही आठवड्यांचे आणि हिरडीच्या सुरुवातीच्या सुजेवरचे आहेत. हाड झिजलेल्या खोल खिशाला त्यांचा निकाल लावता येत नाही, कारण कोणतीही गुळणी, झाडपाल्याची असो की बाटलीतली, हिरडीच्या कडेखाली फारशी उतरतच नाही. शिवाय काचेच्या ताटलीत जंतू उघड्यावर असतात. तुमच्या तोंडात ते दगडाच्या आडोशाला आहेत.

काही घरगुती उपाय मात्र तुम्ही आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनी आजपासून बंद करावेत. लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावू नका, कातडी भाजते. बिब्बा तर तोंडाच्या जवळही नेऊ नका. राख, कोळसा, विटेची भुकटी आणि खरखरीत मंजन यांनी उघड्या पडलेल्या मुळांना खाचा पडतात. आणि मशेरी. खान्देशातल्या किती घरांत सकाळी बायका मशेरी लावतात, हे मी रोज पाहते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं थांबतं आणि बाईला वाटतं की हिरड्या घट्ट झाल्या. आतलं हाड मात्र जातच राहतं. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, तरी विचारते: तुम्ही तंबाखू खाता का? रक्त येतं म्हणजे बहुधा नसावा. पण खात असाल तर तो सोडल्याशिवाय पुढे सांगितलेल्या कशाचाही पुरता गुण येणार नाही.

आता कॅप्सूल. वहिनींचा हेतू चांगला आहे. तुमचं दुखणं त्यांना पाहवत नाही, आणि मेडिकलवाला ओळखीचा असला की चिठ्ठी कोण विचारतो. पण या चार खेपांत तुमच्या तोंडात कोणी डोकावलं नाही. तुमच्या पत्राचा मला सगळ्यात जास्त घोर लागला तो इथे. कॅप्सूलने सूज उतरली, कारण थराबाहेरचे आणि हिरडीच्या मांसात शिरलेले काही जंतू मेले. थर जागेवर राहिला, म्हणून महिन्याभरात वस्ती पुन्हा भरली. आणि दर खेपेला जे वाचले, ते त्या औषधाला पुरून उरणारे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात हाच धोका सांगितला होता: माणसं स्वतःच्या मनाने अपुरं औषध घेतील आणि जंतूंना ते पचवायला शिकवतील. हे जंतू फक्त हिरडीत राहत नाहीत. आतड्यातल्या, घशातल्या जंतूंनाही तोच धडा मिळतो. उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला तर तीच औषधं लागणार आहेत. ती हिरडीवर उधळू नका.

अँटिबायोटिक लागतच नाही, असं मात्र समजू नका. हिरडीत पू भरून गालावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे पू काढून देतील आणि गोळ्याही लागतील. अशा वेळी आबांच्या काढ्याची वाट पाहू नका आणि या सदराच्या उत्तराचीही. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट मोठ्या रुग्णालयात. काही तरुणांमध्ये हाड फार झपाट्याने झिजतं, तिथे साफसफाईच्या जोडीला डॉक्टर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र देतात आणि त्याचा उपयोग होतो. 'साफसफाईच्या जोडीला' हे शब्द विसरू नका. युरोपातल्या हिरडी-तज्ज्ञांच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांतही हिरडीच्या आजारात सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, असंच म्हटलं आहे. आणि मेट्रोनिडॅझोल सुरू असताना दारू चालत नाही, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्याला तर त्याने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याला ती मागायची नाही, इतकंच.

उरला तो समज: साफ केले की दात ढिले होतात. यासाठी माझ्या दवाखान्यातला एक प्रसंग सांगते. पारोळ्याकडच्या एक आजी आल्या होत्या. खालच्या सहा दातांच्या मागे कीटणाची सलग भिंत, मागून दात वेगळे दिसतच नव्हते. साफ करताना करंगळीच्या नखाएवढा एक तुकडा अख्खाच सुटला. तो मी धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवला. पिवळट काळा, वजनाला जड, आणि दाताच्या बाजूने त्यावर दाताचाच ठसा उमटलेला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला, मग जीभ दातांमागे फिरवली आणि घाबरून म्हणाल्या, "दात हालतस!" त्यांच्या दृष्टीने दात मी हलवले होते. मी क्ष-किरणाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि हाड कुठपर्यंत असायला हवं आणि कुठपर्यंत उरलंय ते दाखवलं. हाड आधीच गेलं होतं. हलणाऱ्या दातांना ती दगडाची भिंत टेकू देऊन उभी होती, आणि तीच भिंत उरलंसुरलं हाड घालवत होती. साफ केल्यावर सूज उतरते, हिरडी आकसते, दात लांब दिसतात, फटी उघड्या पडतात, गार पाणी झोंबतं. म्हणून लोकांना वाटतं की मशीनने दात खराब केले. पुढच्या आठवड्यांत हिरडी दाताला पुन्हा आवळते आणि बऱ्याच दातांचं हलणं कमी होतं. आजींचे सहापैकी दोन दात मला वाचवता आले नाहीत. त्या आणखी उशिरा आल्या असत्या तर चौघांचाही भरवसा नव्हता. तुमचे दोन दात 'हलके हलतात' तोवरच तुम्ही जावं, अशी माझी तळमळ आहे.

आजोबांच्या ऐंशीव्या वर्षीच्या दातांबद्दलही बोलूया. मी ते खरं मानते. पण आठवून पाहा, त्यांच्या वयाच्या गावातल्या बाकीच्यांचं काय? पन्नाशीत बोळकं झालेली, भाकरी दुधात कुस्करून खाणारी माणसं होतीच की. त्यांची आठवण आपण उदाहरण म्हणून काढत नाही, कारण त्यांचं कौतुक सांगायला काही नसतं. आणि आजोबांचं दातण बहुधा फार निगुतीने होत असणार. दातण फिरवत अर्धा तास ओट्यावर बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही ते शाळेची वेळ गाठता गाठता किती मिनिटं करता?

आता आबा. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता आणि जंतू हे त्याचं निमित्त. दवाखान्यात गेलात तर आबांना वाटेल, सगळ्या गावाला माझं औषध चालतं आणि पोराला नाही. ही भीती मी समजू शकते. पण आबांचं शास्त्र आणि दवाखाना एकमेकांविरुद्ध उभे आहेत, हे तुम्ही गृहीत धरलंय. सुश्रुतसंहितेत या दगडाला नाव आहे: दंतशर्करा. तिच्यावरचा उपचार चिकित्सास्थानात दिला आहे. दातांच्या मुळांना इजा न करता वैद्याने शर्करा काढावी, आणि मग लाखेचं चूर्ण मधातून चोळावं. क्रम पाहा. आधी हत्याराने काढणं, मग औषध. त्यासाठीचं हत्यारही सुश्रुतांनी शस्त्रांच्या यादीत सांगितलंय, दंतशंकू. मी ज्या पोलादी आकड्याने कीटण काढते तो त्याचाच वंशज म्हणायला हरकत नाही. चरकसंहितेत दातण दिवसातून दोनदा करायला सांगितलं आहे, टोक चावून मऊ केलेलं, तुरट, तिखट किंवा कडू झाडाचं, आणि हिरड्यांना दुखापत न करता. म्हणजे दगड हाताने काढल्यावाचून चूर्ण लावू नये, हे आबांच्याच परंपरेचं सांगणं आहे. मधल्या काळात आपल्याकडे चूर्ण राहिलं आणि दंतशंकू हरवला.

म्हणून आबांपासून लपवून काही करू नका. त्यांना विचारा, "आबा, दंतशर्करा काढायची तर कोणाकडे जाऊ?" आणि त्यांना सोबत न्या. आबांचेही दात तपासायला हवेत, त्या वयात हिरड्या कोणी पाहतच नाही. डॉक्टरांना सांगा की दातांच्या मुळांच्या सफाईनंतर आमच्याकडे त्रिफळ्याच्या गुळण्या करायची पद्धत आहे, चालतील का. बहुतेक डॉक्टर हो म्हणतील, मी तर म्हणतेच. आबांचं औषध त्याच्या योग्य जागी बसेल.

जाण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या, उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी ही तीन महिन्यांच्या सरासरीचीसुद्धा. ४३ व्या वर्षी हिरड्या अशा कोसळायला लागल्या की मधुमेहाची शंका घ्यावीच लागते. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर एचबीएवनसी साधारण ०.४ टक्क्याने उतरतं, असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर 'दात साफ करा' एवढंच म्हणू नका. हिरडीच्या खिशांची खोली मोजायला सांगा. बारीक खुणा असलेल्या सळईने दर दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात, फारसं दुखत नाही. आकडे कागदावर मागून घ्या. क्ष-किरण काढायला सांगा. हिरडीवरची सफाई आणि हिरडीखालची मुळांची सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दुसरी लागणार. ती भूल देऊन, दोन-चार बैठकांत होते. किती बैठका, किती खर्च, हे आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात चौकशी करा, आणि धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. तेव्हाही काही खिसे ६ मिलिमीटरच्या वर राहिले तर हिरडी उघडून सफाई करावी लागू शकते. आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, कायमची. हे ऐकून जीव खाली जाईल, पण कपाशीला तरी एकदा निंदून भागतं का?

घरी: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका टेकवून, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. दोन्हींतली एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची सोडू नका. रक्त येतं तिथे माणूस ब्रश हलका फिरवतो किंवा फिरवतच नाही. तिथेच तो नीट, हळुवार फिरवायचा आहे. सफाईनंतर दोनेक आठवड्यांत रक्त कमी होताना दिसेल. फटींसाठी बारीक बाटली-ब्रशसारखे छोटे ब्रश मिळतात, कोणत्या मापाचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दातण सोडायचं नसेल तर सकाळी करा, कोवळं, करंगळीएवढं जाड, टोक चांगलं चावून. फक्त ते खालच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या फटींत जात नाही, आणि त्यात फ्लोराइड नसतं. हिरडी उतरून उघडी पडलेली मुळं लवकर किडतात, त्यामुळे रात्री फ्लोराइडची पेस्ट हवीच. कोमट मिठाच्या पाण्याने खुशाल गुळण्या करा. बाभळीचा काढा पोटात घेत असाल तर तो थांबवा, तोंडात खळखळून टाकायला हरकत नाही.

वहिनींना हे पत्र वाचायला द्या. चारदा कॅप्सूल आणल्या त्या बाईला तुमच्या दातांची सगळ्यांत जास्त काळजी आहे, तेव्हा डॉक्टरांकडची तारीख त्यांनाच घेऊ द्या. शाळेचं कारण सांगून ती तुम्ही पुढे ढकलाल, त्या ढकलू देणार नाहीत.

पहिल्या मोजणीचा कागद जपून ठेवा. तीन महिन्यांनी दुसरा मिळेल. दोन्ही आबांना द्या आणि त्यांच्या वहीत तुमच्या नावाखाली लावून ठेवायला सांगा: आधी शर्करा काढली, मग त्रिफळा दिला, खालच्या पुढच्या दातांचा खिसा एवढ्याचा एवढा झाला. मलाही ते आकडे कळवा.